गजगा, सातवीण आणि थंडीताप

गडमुडशिंगीसारख्या करवीर तालुक्यातल्या गावांत जुन्या पिढीला गजगा चांगलाच ओळखीचा. काटेरी वेलीच्या शेंगेतली ही राखाडी, गुळगुळीत बी. मुलींच्या खेळातला सागरगोटा तो हाच आणि दगडावर घासून चटका द्यायलाही पोरांना हाच लागे! आयुर्वेदात त्याचा कडू गर थंडी वाजून येणाऱ्या तापावर देतात.

केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेनं हिवतापासाठी तयार केलेल्या ‘आयुष-६४’ या औषधातही हा गर आहे. सोबत सातविणीची साल, कुटकी आणि किराईत.

सातवीण तर शहरातल्या रस्त्याकडेलाही दिसते. पानांचा बहुधा सातांचा झुबका, तोडल्यावर पांढरा चीक, पावसाळा सरताच फुलांचा उग्र दरवळ.

हिवतापावरच्या काही आधुनिक औषधांचं मूळही झाडापाल्यातच आहे. सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये क्विनीन वेगळं झालं. जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातल्या एका चिनी वनस्पतीतून आर्टेमिसिनिन मिळालं. पाला पाण्यात भिजवून पिळावा, ही उकळण्याचा उल्लेख नसलेली जुन्या ग्रंथातली कृती चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना दिशा देऊन गेली. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ताप आला की काढ्यावर विसंबून दिवस घालवू नयेत, आधी रक्त तपासावं. फॅल्सिपेरम प्रकारचा हिवताप मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. व्हायव्हॅक्समध्ये परजीवी यकृतात दडून राहतात. म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टरी सल्ल्यानं १४ दिवस घ्याव्या लागतात.