लेकरू कडेवर, कुत्रा दोरीला

वाशिमच्या एस. टी. स्टँडवर एखादा गृहस्थ एकटाच उभा असला, तर तासभर त्याच्याशी कोणी चकार शब्द काढणार नाही. त्याच गृहस्थाच्या कडेवर आठ-नऊ महिन्यांचे मूल असू द्या, की पाच मिनिटांत सगळा स्टँड त्याचा नातेवाईक होतो. एक आजीबाई विचारतात, "लेकरू कोनावर गेलं हो?" दुसऱ्या बाई रागे भरतात, "एवढ्या वाऱ्यात टोपरं काहून नाही घातलं बाप्पा?" तिसऱ्या काहीच न विचारता मुलाच्या मुठीत एक नाणे ठेवतात, कानशिलावर बोटे मोडतात आणि रिसोडच्या गाडीत चढून निघूनही जातात. नाव नाही, गाव नाही. मुलाऐवजी दोरीला कुत्रा असला, तर प्रश्न बदलतात एवढेच. "चावते काय?" "काय खाते?" "केवढ्याले घेतलं?"

माणूस हा असा का वागतो? आणि अशा भेटीत आपण कसे वागावे? आज याच गोष्टीचा थोडा विचार करू.

पहिली गोष्ट अशी, की अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त लागते. थेट तोंडाकडे पाहून "तुम्ही कोण?" असे विचारणे उद्धटपणाचे वाटते. मूल किंवा कुत्रा मध्ये असला, की बोलणे त्याच्याशी चालते आणि उत्तर मात्र आपण देतो. "काय रे सोन्या, कोठे निघालास?" हा प्रश्न सोन्याला नसतो, सोन्याच्या बापाला असतो. बाप म्हणतो, "मंगरूळला, मामाकडे." झाली ओळख!

कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1943 साली यामागचे एक कारण मांडले. मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, मोठाले डोळे, गुबगुबीत गाल ही बालकाची ठेवण पाहिली, की मोठ्या माणसाच्या मनात आपोआप माया उत्पन्न होते. कुत्र्याच्या पिल्लाची ठेवणही तशीच. म्हणून पिल्लू दिसले, की रागीट माणूससुद्धा वाकतो. इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2000 साली या विषयावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकच व्यक्ती काही दिवस कुत्रा घेऊन हिंडली आणि काही दिवस कुत्र्यावाचून. कुत्रा बरोबर असताना अनोळखी लोक कितीतरी अधिक बोलले. अंगावर फाटके कपडे असले, तरीही कुत्र्यामुळे लोक बोललेच. म्हणजे कपड्यांनी उभी केलेली भिंत कुत्र्याच्या शेपटीने पाडली, म्हणा ना.

आता मुलाकडे वळू. गर्दीच्या एस. टी.त उभ्या असलेल्या बाईला, बसलेली दुसरी बाई म्हणते, "द्या इकडे लेकरू." आणि आई बेलाशक देते. ही आपल्याकडची फार मोठी श्रीमंती आहे. परंतु पुष्कळदा असे होते, की कालपर्यंत सर्वांकडे हसत जाणारे मूल एके दिवशी अनोळखी मांडीवर बसताच टाहो फोडते. घरी गेल्यावरही किरकिर करते. मग घरची वडीलधारी बाई म्हणते, "गाडीतल्या बाईची दृष्ट लागली." मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात आणि त्या बिचाऱ्या बाईच्या माथी ठपका येतो.

वास्तविक बाईचा दोष काहीच नसतो. साधारण सात-आठ महिन्यांच्या सुमारास मुलाला आपले आणि परके यांतला फरक उमगू लागतो. आईचा चेहरा नीट ओळखू लागला, म्हणूनच परका चेहरा त्याला भिववतो. हे रडणे त्याची समज वाढल्याची खूण आहे. अशा वेळी मूल ओढून घेऊ नये. आईच्या कडेवरच राहू द्यावे, दुरून हसावे, त्याला आपल्याकडे पाहू द्यावे. पुष्कळदा ते स्वतःच हात पुढे करते. तीट लावायचीच तर कानामागे लावा, डोळ्यांत काजळ घालू नका. आणि मूल खरोखरच मलूल दिसले, ताप असला, दूध घेईनासे झाले, तर मोहऱ्यांवर भागवू नका. डॉक्टरकडे न्या.

दुसरी अडचण लाडाची. कारंज्याला नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी, शिरपूरला किंवा रामनवमीच्या वेळी पोहरादेवीला देशभरातून माणसे येतात. पोहरादेवीला तर बंजारा समाजाचे लोक दूरदूरच्या तांड्यांवरून जमतात. तेथे एखादी अनोळखी आजी प्रेमाने बाळाच्या तोंडात प्रसाद घालू लागते. नाही कसे म्हणावे? सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधावाचून काहीही देऊ नये, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. मग हात पुढे करून म्हणावे, "आजी, याच्या वाट्याचा प्रसाद माझ्या हातावर द्या." आजीचा मान राहतो, बाळाचे पोटही राहते. मुका घेण्याचेही तसेच. मोठ्या माणसाचे साधे सर्दी-खोकल्याचे दुखणे तान्ह्या मुलाला भारी पडू शकते. "पायाला हात लावा आजी, आशीर्वाद द्या," म्हटले, की काम भागते.

कुत्र्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके आहेत. दत्ताच्या चित्रात पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेद मानतात. कारंजे हे दत्तसंप्रदायाचे ठिकाण असल्याने तेथे कुत्र्याला भाकरी घालणारे भाविक भेटतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. दुसरे टोक म्हणजे कुत्रा दिसताच दगड उचलणारा हात. दोन्ही हात एकाच माणसाचे असू शकतात!

अनोळखी कुत्र्याशी कसे वागावे? आधी धन्याला विचारावे. कुत्र्यावर ओणवे होऊ नये, डोळ्याला डोळा लावून पाहू नये. ते खात असेल, झोपले असेल किंवा पिल्लांजवळ असेल, तर मुळीच जवळ जाऊ नये. मुलांना मुख्य सांगायचे ते हे, की पळू नका. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे. हात अंगाशी धरून शांत उभे राहावे. आणि धन्यानेही "काही करत नाही हो तो," एवढ्या आश्वासनावर दोरी सैल सोडू नये. तो तुम्हाला काही करत नाही. परक्याचे त्याला काय ठाऊक?

इतके करूनही दात किंवा नख लागले, तर मात्र वेळ दवडू नये. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस प्रथम देण्यात आली आणि तो मुलगा वाचला. तेव्हापासून या रोगाला आवर घालण्याचा मार्ग माणसाला सापडला. पण तो मार्ग लक्षणे दिसण्यापूर्वीचा आहे. पाण्याची भीती वगैरे लक्षणे एकदा सुरू झाली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. तडक दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी धास्ती अजून खेड्यापाड्यांत आहे. ती पद्धत आता राहिली नाही. लस दंडाला देतात आणि ठरलेल्या दिवशी सर्व मात्रा पुऱ्या कराव्या लागतात. रक्त निघाले असेल, तर जखमेत वेगळे औषधही टोचावे लागते. कुत्र्याने बाळाचे तोंड किंवा डोळे चाटले, तरी डॉक्टरला सांगावे. घरचे कुत्रे असेल, तर त्यालाही वेळच्या वेळी लस टोचून घ्यावी.

येथवर आपण हसतखेळत आलो. पण या विषयाची एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून हे बोलणे पुरे होणार नाही.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तेथे आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. बहुतेक मंगळवेढ्याकडचे. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळ्या हिंडत आहेत, असे निरोप मोबाइलवरून पसरत होते. पाचांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, अशी बातमी तेव्हा आली. जमाव धावला. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. टोळी नव्हतीच. होती ती केवळ अफवा.

मंडळी, लहान मुलाशी दोन शब्द बोलणे, जे आपण सगळेच रोज स्टँडवर करतो! आपल्या कपड्यांमुळे, आपल्या बोलीमुळे आपल्याला ते माफ असते. भटक्याला माफ नसते. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 साली रद्द झाला. पण संशयाची ती नजर काही कागदाबरोबर रद्द झाली नाही. वाशिम जिल्ह्यात तर वासुदेव, नाथजोगी, नंदीबैलवाले, मेंढरे घेऊन जाणारे धनगर यांचे येणेजाणे नित्याचे.

मग सावध राहू नये काय? अवश्य राहावे. मूल अनोळखी माणसाबरोबर एकटे सोडू नये. कोणी आडबाजूला बोलावले, खाऊ देतो म्हणाले, तर ओरडून घरच्यांना सांगावे, हे मुलांना शिकवावे. शंका आली तर माणसाला बसवावे, पाणी द्यावे, नाव-गाव विचारावे, पोलीस पाटलाला बोलवावे. पोलिसांचा 112 आणि मुलांच्या मदतीचा 1098 हे दोन क्रमांक घरात लिहून ठेवावेत. मोबाइलवर आलेला निरोप खात्री केल्यावाचून पुढे धाडू नये. आणि बाजारात कोणी "धरा, मारा" म्हणू लागला, तर निदान एकाने तरी मध्ये उभे राहून म्हणावे, "थांबा, आधी इचारा."

मुलाच्या मुठीत नाणे ठेवणारा हात आणि दगड उचलणारा हात आपल्यापाशी दोन्ही आहेत. मूल कडेवरून सगळे पाहत असते. कोणता हात पुढे करायचा, हे ते आपल्याकडूनच शिकणार आहे.