कुलाब्याचे चुंबकीय दप्तर

मुंबईच्या सरकारी वेधशाळेत १८५९ साली घेतलेले चुंबकीय व वातावरणीय वेध पुढल्याच वर्षी ग्रंथरूपाने छापून निघाले, तेव्हा ते कोणी आवडीने वाचील अशी अपेक्षा छापणाऱ्यांनीही बाळगली असेल, असे वाटत नाही. आकड्यांच्या रांगांमागून रांगा दृष्टीस पडाव्यात, असाच तो ग्रंथ आहे. आणि तरीही सूर्याच्या कोपाने पृथ्वीवर उठलेल्या चुंबकीय वादळांपैकी ज्याला बहुधा सर्वांत प्रचंड म्हणता येईल, त्याचा हिशेब मांडावयाचा झाला की जगातील शास्त्रज्ञांना आजही या ग्रंथाच्याच दारी यावे लागते. वैज्ञानिक माहिती कोणा एकाच्या कुलपात न राहता सर्वांना मोकळी असावी, ही मागणी संगणकाबरोबर जन्मास आली, असा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. तो किती अपुरा आहे हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने कुलाब्याच्या या वेधशाळेचे चरित्र चाळावे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली ही वेधशाळा स्थापिली ती ज्ञानाच्या ओढीने नव्हे. मुंबई बंदरातून निघणाऱ्या गलबतांना अचूक वेळ सांगणारे कोणीतरी हवे होते, आणि त्यासाठी ताऱ्यांचे वेध घेणे प्राप्त होते. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध सुरू झाले ते पंधरा वर्षांनंतर, १८४१ साली, एल्फिन्स्टन विद्यालयातील अध्यापक आर्थर ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली. आणि त्याचा उगम मुंबईत नसून जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे होता. गाउस व वेबर या दोघा प्रज्ञावंतांनी १८३० नंतरच्या दशकात एक चुंबकीय संघ उभा केला होता, ज्याचा करार असा की नाना देशींच्या वेधशाळांनी ग्यॉटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे ठरलेल्या वेळी वेध घ्यावेत आणि ते एकमेकांच्या स्वाधीन करावेत. पुढे १८३६ साली जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून इंग्रजांच्या दूरदूरच्या मुलखांतही अशी ठाणी बसवावीत अशी गळ घातली, तिला यश आले, आणि सिमला, मद्रास, सिंगापूर यांच्या मालिकेत मुंबईचेही नाव दाखल झाले.

या करारात औदार्याचा भाग थोडा आणि गरजेचा फार, असे माझे मत आहे. चुंबकसूची एका ठिकाणी थरथरली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो कंप तेथल्याच मातीतला, की सबंध पृथ्वीचा, की पृथ्वीबाहेरून आलेला, हे समजण्यास त्याच क्षणी अन्यत्र काय घडले ते ठाऊक असावे लागते. म्हणजे ज्याने आपले आकडे पेटीत ठेवले त्याचे आकडे त्याला स्वतःलाही निरुपयोगी. सोन्याचांदीच्या बाबतीत जो न्याय चालतो त्याच्या अगदी उलट न्याय येथे लागू पडतो, आणि भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांना तो इतर शास्त्रांच्या कितीतरी आधी उमगला याचे श्रेय त्यांच्या सज्जनतेपेक्षा त्यांच्या विषयाला देणे अधिक न्यायाचे होईल.

वेध घेण्याची रीत सांगण्यास सोपी, पण पाळण्यास अत्यंत कष्टाची होती. एक चुंबक धाग्याला टांगून ठेवावयाचा. त्याला जोडलेल्या आरशात दूरच्या मोजपट्टीचे जे प्रतिबिंब पडते ते दुर्बिणीतून पाहावयाचे. आणि चुंबक किंचित फिरला की प्रतिबिंबातील अंक सरकतो, तो टिपून ठेवावयाचा. तीन यंत्रांपैकी एकाने दिशेतील फरक कळतो, दुसऱ्याने आडव्या बलातील, तिसऱ्याने उभ्या बलातील. हे दर तासाला, अहोरात्र, पावसाळ्यातल्या अंधाऱ्या रात्रीही. या कामी एतद्देशीय साहाय्यकांची योजना झाली होती, आणि त्यांत मराठी वाचकाला ओळखीची नावे भेटतात: ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ वेधशाळेचा कार्यभार वाहिला, तर पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे केरो लक्ष्मण छत्रे यांची उमेदवारी याच दुर्बिणीपाशी गेली. छत्र्यांच्या गणितातील काटेकोरपणाचे मूळ शोधणाऱ्याने या रात्रपाळ्यांकडे दुर्लक्ष करू नये.

आता येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. वेधशाळेचे वार्षिक ग्रंथ मुंबईस छापले जात आणि देशोदेशींच्या विद्वत्संस्थांना पाठविले जात, हे खरे. परंतु ते ज्यांच्या हाती पडत ते लंडन, बर्लिन, पॅरिस येथील लोक होते. ज्या शहराच्या भूमीवर व ज्या शहरातील तरुणांच्या डोळ्यांनी ते आकडे टिपले गेले, त्या शहरातील किती जणांना ते वाचता आले असते? दार उघडे होते, पण दारापर्यंत पोहोचण्याची वाट इंग्रजी शिक्षणाच्या नाक्यावरून जात होती, आणि त्या नाक्यावरची जकात भारी होती. मुक्त माहितीचे आजचे पुरस्कर्ते पूर्वीच्या विनिमयाचे गोडवे गातात, तेव्हा साम्राज्याच्या या बाजूचा उल्लेख त्यांच्या लेखणीतून सहसा निसटतो.

१८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला इंग्लंडात खगोलवेत्ते रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यबिंबावरील डागांचे चित्र रेखाटीत असता त्यांना डागांच्या समूहावर दोन शुभ्र तेजोगोल क्षणमात्र झळकलेले दिसले. त्यानंतर एक दिवसही पुरता लोटला नाही तोच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात कल्लोळ माजला. तारायंत्रे बंद पडली, आणि एरवी ध्रुवप्रदेशातच दिसणारी प्रभा उष्ण कटिबंधाच्या जवळपास दिसू लागली. ग्रिनिच व क्यू येथील वेधशाळांत तोवर छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेघ उमटविणारी यंत्रे बसली होती, जी त्या काळी प्रगतीची परमावधी समजली जात. पण वादळाचा जोर एवढा की प्रकाशाचा ठिपका कागदाच्या कडेपलीकडे निघून गेला आणि नेमक्या मोक्याच्या प्रहरी कागद कोरा राहिला. मुंबईस मात्र यंत्र जुने, आणि दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस होता. फर्ग्युसन या नौदलाच्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत तेथे असा शिरस्ता होता की क्षेत्र खवळले म्हणजे तासाची वाट न पाहता पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी वेध घ्यावेत. २ सप्टेंबरच्या सकाळी दुर्बिणीपाशी असलेल्याने तो शिरस्ता मोडला नाही. आडव्या बलाची अशी घसरगुंडी झाली की आजच्या एककात ती सुमारे सोळाशे नॅनोटेस्ला भरते. मुंबईच्या आसपास हे बल अडतीस हजारांच्या घरात असते हे लक्षात घेतले, तर शंभरातले चार हिस्से काही तासांत नाहीसे झाले असे म्हणता येईल.

ते आकडे, कोणताही गाजावाजा न होता, इतर दिवसांच्या आकड्यांप्रमाणेच छापले गेले आणि फडताळात जाऊन पडले.

पुढे चार्ल्स चेंबर्स यांनी तीस वर्षे कारभार पाहिला, आणि त्यांच्याच काळात मुंबईसही छायाचित्र-लेखक यंत्रे आली. १८९६ साली नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस हे पहिले हिंदी संचालक झाले. आणि या संस्थेच्या इतिहासात माझ्या मते सर्वांत मोठा माणूस तोच. मूस यांच्यापुढे उभा राहिलेला पेच विलक्षण होता. मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन त्यांच्या जागी विजेच्या गाड्या येणार, हे ठरले होते. आणि विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परतताना जमिनीत पाझरतो, त्यामुळे आसपासच्या चुंबकांना स्वस्थता उरत नाही. शहराची सोय थांबणार नव्हती, तेव्हा वेधशाळेनेच बिऱ्हाड हलवावे हे क्रमप्राप्त झाले. खाडीपलीकडे दक्षिणेस असलेल्या अलिबागेची जागा निवडण्यात आली, आणि मौजेची गोष्ट अशी की मुंबईच्या कुलाब्याहून निघालेली ही संस्था पुन्हा त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातच जाऊन स्थिरावली.

नव्या इमारतीसाठी सह्याद्रीचा काळा पाषाण कामाचा नव्हता, कारण त्यात लोहचुंबकाचे कण असतात. म्हणून पोरबंदरचा वालुकामय दगड आणून, लोखंड कटाक्षाने वर्ज्य करून, दिवसरात्रीच्या उष्णतेचा फरक आत शिरू नये अशा बेताने वेधाची खोली बांधण्यात आली. परंतु खरी दूरदृष्टी बांधकामाहूनही दुसऱ्याच गोष्टीत दिसते. १९०४ साली अलिबागेस वेध सुरू झाले तरी कुलाब्याचे बंद केले गेले नाहीत. दोन वर्षेपर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवून उभयतांतील अंतर निश्चित केले गेले, आणि मगच १९०६ साली जुन्या जागेचा निरोप घेण्यात आला. ट्रामगाडी रस्त्यावर आली १९०७ च्या मे महिन्यात. म्हणून १८४६ पासूनची मालिका आज अलिबागेपर्यंत न तुटता वाचता येते. पुढे १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे वेध विवेचनासह दोन भागांत प्रसिद्ध केले. स्वतःचे अनुमान सांगण्याबरोबरच, ते अनुमान खोडून काढण्यास लागणारी सर्व सामग्रीही वाचकाच्या हवाली करावी, ही त्यातील पद्धत मला शास्त्रीय सभ्यतेचा कळस वाटते.

आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष, जे प्रत्यक्षात १९५७ च्या जुलैपासून १९५८ च्या अखेरीपर्यंत दीड वर्ष चालले, त्याने ग्यॉटिंगेनच्या कराराला जागतिक स्वरूप दिले. सदुसष्ट राष्ट्रे त्यात होती. जागतिक माहिती-केंद्रे नेमली गेली, त्यांतील एक अमेरिकेत, एक सोव्हिएत रशियात, आणि उरलेली पश्चिम युरोप व जपान या भागांत. एकाच माहितीच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवण्यात हेतू असा की एखादे केंद्र जळाले वा एखादे सरकार रुसले तरी ज्ञान बुडू नये. दोन्ही महासत्ता एकमेकींवर अण्वस्त्रे रोखून बसल्या असता त्यांच्या वेधशाळांचे आकडे मात्र बिनबोभाट इकडून तिकडे जात होते. १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली, अलिबागचा कारभार तिच्याकडे आला, आणि या केंद्रांच्या जाळ्यात मुंबईलाही स्थान मिळाले.

फडताळातील १८५९ चे वेध २००३ साली खऱ्या अर्थाने वर आले. त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना व शोभना अलेक्स या शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या नोंदींवरून त्या वादळाची मोजदाद केली, आणि आजवर नोंदलेल्या वादळांत त्याला अग्रस्थान दिले. तुलनेसाठी सांगावयाचे तर १९८९ च्या मार्चमधील ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा नऊ तास बंद पाडला, त्याचा मान्य निर्देशांक, जो सबंध पृथ्वीची तासिक सरासरी दाखवितो, उणे ५८९ नॅनोटेस्ला आहे. मात्र एका ठिकाणच्या क्षणिक आकड्याची सबंध पृथ्वीच्या तासिक सरासरीशी तुलना करणे योग्य नव्हे, असा आक्षेप लवकरच निघाला, आणि तो खराही होता. मग २०२२ मध्ये हिसाशी हायाकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ वार्षिक ग्रंथ हुडकून काढून तिन्ही घटकांचे वेध नव्याने मांडले, तेव्हा निदर्शनास आले की त्याच ग्रंथातील तासिक नोंद आणि मधल्या वेळच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत: एकीवरून घसरण १६९१ येते, दुसरीवरून १२६३. कोणाच्या हातून कोठे चूक झाली याचा निकाल सहज लागण्यासारखा नाही. पण ही विसंगती दिसली तरी कशामुळे? १८६० च्या संपादकाने सारांश छापला असता, किंवा नीटनेटका आलेख काढून मूळ आकडे गाळले असते, तर आपणांस एकच देखणा आणि कदाचित चुकीचा अंक वारशाने मिळाला असता.

योगायोग असा की २००३ सालीच बर्लिन येथे काढलेल्या जाहीरनाम्यात शास्त्रीय साहित्याच्या मुक्त प्रवेशाच्या व्याख्येत लेखांबरोबर मूळ माहितीचाही स्पष्ट अंतर्भाव झाला. भारत सरकारनेही २०१२ साली सार्वजनिक पैशाने गोळा केलेली माहिती खुली करण्याचे धोरण जाहीर केले. परंतु धोरण आणि वहिवाट यांत अंतर राहतेच. २०२४ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर केले ते तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके देशातील विद्यार्थ्यांना वाचता यावीत म्हणून. जिल्ह्याच्या गावातील विद्यार्थ्याला ती मिळतील, हे चांगलेच झाले. पण हा कुलूप काढण्याचा खर्च नसून किल्ली भाड्याने घेण्याचा आहे, आणि मुदत संपली की भाडे पुन्हा ठरेल.

अलिबागचे आजचे आकडे इंटरमॅग्नेट या आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्फत कोणासही विनामूल्य घेता येतात, अट एवढीच की मूळ संस्थेचा निर्देश करावा आणि व्यापारी उपयोग करू नये. पहिली अट रास्तच आहे. वेधशाळा चालविणाऱ्याला सरकारदरबारी अनुदान मागताना आपले आकडे कोणी वापरले हे दाखवावे लागते, आणि निर्देश हीच त्याची पावती. दुसरी अट मला पटत नाही. १८५९ च्या माणसाला विजेच्या जाळ्याची कल्पना असणे शक्य नव्हते, म्हणून त्याने ते आकडे कोणी कशासाठी वापरावेत याबद्दल अवाक्षर लिहिले नाही. आणि आज त्या आकड्यांची सर्वाधिक निकड कोणाला असेल, तर ती पुढल्या वादळात ज्यांची यंत्रे जळावयाची त्या वीजकंपन्यांना. अशा कंपनीतील अभियंत्याने अलिबागच्या नोंदी घेऊन आपल्या रोहित्रांच्या संरक्षणाचा हिशेब मांडला, तर ते संशोधन समजावे की व्यापार, याचा निवाडा अखेर कोणत्या तरी कारकुनालाच करावा लागणार.