विनियमन, वर्तनाधिष्ठित

मनुष्य प्रत्यक्षात निर्णय कसे घेतो, यासंबंधी मानसशास्त्र व अर्थशास्त्र यांनी मिळविलेल्या ज्ञानाचा शासकीय नियमांच्या रचनेत केलेला उपयोग. व्यक्ती स्वहित ओळखून सुसंगत निवड करते, असे नव-सनातन अर्थशास्त्रात गृहीत धरलेले असते. त्यामुळे मनाई, दंड, कर व अनुदान हीच विनियमनाची प्रमुख साधने ठरतात. हर्बर्ट सायमन (१९१६–२००१) यांनी मर्यादित विवेकशीलतेची कल्पना मांडून या गृहीतास आव्हान दिले. समान रकमेच्या लाभापेक्षा हानी अधिक तीव्रतेने जाणवते, असे डॅनिएल कानेमन (१९३४–२०२४) व एमॉस ट्व्हर्स्की (१९३७–९६) यांनी १९७९ मध्ये प्रतिपादिले. रिचर्ड थेलर व कॅस सन्स्टीन यांनी २००८ मधील ग्रंथात ‘नज’ (हलका रेटा) ही संज्ञा रूढ केली. कोणताही पर्याय हिरावून न घेता निवडीची मांडणी बदलणे, हे तिचे सार होय.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील निवृत्तिवेतन योजना होय. २००८ च्या कायद्यान्वये पात्र कामगारांची योजनेत आपोआप नोंदणी करण्याचे बंधन ऑक्टोबर २०१२ पासून मालकांवर टप्प्याटप्प्याने घालण्यात आले. कामगारास बाहेर पडण्याची मुभा राहिली. पूर्वी अर्ज भरण्याची टाळाटाळ कामगारास योजनेबाहेर ठेवी. नव्या रचनेत तीच त्यास योजनेत ठेवते. खाजगी क्षेत्रातील पात्र कामगारांचा सहभाग २०१२ मधील सु. ४२ टक्क्यांवरून पुढे ८० टक्क्यांहून अधिक झाला.

या साधनाची मर्यादाही त्याच जडत्वात आहे. ब्रिजिट मॅड्रियन व डेनिस शे यांनी अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे आपोआप नोंदलेले बहुसंख्य कर्मचारी पूर्वनिश्चित ३ टक्के वर्गणीवर व कमी उत्पन्नाच्या सुरक्षित गुंतवणुकीवरच थांबून राहिले. वर्गणीचा दर अपुरा असल्यास नोंदणी वाढूनही वार्धक्यातील तरतूद तोकडी पडते.

लोकांच्या जडत्वाचा लाभ विक्रेतेही उठवितात. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांत ऑनलाइन व्यवहारांतील १३ फसव्या रचना नमूद करून त्यांना मनाई केली. उदा., खोटी निकड दाखविणे, न मागितलेली वस्तू खरेदीत घालणे, वर्गणी रद्द करणे अवघड करणे इत्यादी.

शासनाने नागरिकाच्या नकळत त्याची निवड वळवावी काय, हा यातील मूलभूत आक्षेप होय. रेटा उघडपणे जाहीर करणे, नकाराचा मार्ग सुलभ ठेवणे व परिणामांची प्रयोगाने पडताळणी करणे, या अटींनी तो सौम्य होतो. प्रदूषणासारख्या, हानी इतरांवर पडणाऱ्या बाबतींत मात्र कर व मनाई यांची आवश्यकता कायम राहते.