गटार 120 मीटर

माहिती अधिकाराला 12 ऑक्टोबर 2025 रोजी वीस वर्षं झाली. आमच्याकडे कुणी पेढे वाटले नाहीत. महिना-सव्वा महिन्यात डेटा संरक्षण कायद्यातून कलम 8(1)(जे) बदललं, आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या दोन शब्दांवर अर्ज परत करायची सोय झाली. लोकहिताची वाट 8(2) मध्ये उरलीय म्हणतात. ती अपिलात भांडून मिळवायची.

कर्नाटकाचा स्वतःचा कायदा 2000 सालीच झाला होता. सीमाभागात तो किती जणांना ठाऊक होता देव जाणे, मला नव्हता.

2005 मात्र विसरत नाही. ऑक्टोबरात केंद्राचा कायदा लागू झाला आणि नोव्हेंबरात, महाराष्ट्रात जायचा ठराव केला म्हणून, बेळगाव महापालिका बरखास्त झाली. नगरसेवक घरी बसले. प्रश्न विचारायला उरलो आम्ही. पण कोणत्या भाषेत? कलम 6 म्हणतं इंग्रजी, हिंदी किंवा तिथली राजभाषा. घटनेचं कलम 350 राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडू देतं. पण माहिती मागणं म्हणजे गाऱ्हाणं नव्हे, असं एका साहेबांनी मला उभ्या उभ्या समजावलं. निपाणीहून दूधगंगा ओलांडून कागलला गेलं की तोच अर्ज मराठीत चालायचा.

मग आम्ही हिंदी धरली. लिपी आपलीच, ‘घरफाळा’चं ‘गृहकर’ केलं की झालं. सीमाभागातल्या एका पालिकेत (नाव नको) गल्लीतल्या गटारीची मोजमाप पुस्तिका मागितली. दहा रुपये भरले. कारकून अर्ज उलटापालटा करत म्हणाला, “हिंदी पिक्चर आहे काय हे?” आणि वर, “नाळे बन्नी,” म्हणजे उद्या या. नव्वदच्या दशकात बंगळुरात लोक भूत परतावं म्हणून दारावर ‘नाळे बा’ लिहीत, इथं आम्हीच भूत. पोच मात्र घेतली. एकोणतिसाव्या दिवशी 41 पानं आली, पानाला दोन रुपये, सगळी कन्नडात. कन्नड शाळेतल्या गुरुजींनी ओट्यावर बसून वाचून दाखवली. कागदावर गटार 120 मीटर. आम्ही टेप लावली : 74. पुढच्या महिन्यात मुकादम निमूट येऊन उरलेली गटार बांधून गेला.

कायद्याच्या पहिल्या दहा वर्षांत असं काही होऊ शकत होतं. 2008 मध्ये राज्यानं नियम घातला, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द. तेही निभावलं. खरं वाटोळं आमच्याच लोकांनी केलं. सकाळी अर्ज टाकून दुपारी ठेकेदाराकडे जेवणारे निघाले, आणि खरा अर्जदारही त्यांच्यातलाच ठरला. भाषणात मराठी परिपत्रकं मागणारे पुढारी अर्जावर सही मागितली की चहा सांगायचे. दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड कायद्यात आहे. तो कुणा अधिकाऱ्याच्या पगारातून कापलेला मी एकदाही पाहिला नाही.

गुरुजी गेले. ओट्यावर आता कुणी बसत नाही. गल्लीत परवा नवी गटार झाली. मोजमाप मागणारा अर्ज एका पोराकडून लिहून घेतला, त्याला ना धड हिंदी येते ना कन्नड. तरी तुम्हाला सांगतो, अर्ज टाका. शब्द मोजा, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि टेप घरचीच न्या.