परदेशी रोप मागविण्यापूर्वी

कोकणच्या बागायतीत परदेशी झाड ही नवलाई नव्हे. आज तळा तालुक्याच्या डोंगरउतारावर सहज रुजणारा काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आणला. रांबुतान व मँगोस्टीन या फळांविषयी अलीकडे असेच कुतूहल वाढले आहे. मात्र मोबाईलवरील चित्र पाहून परदेशातील विक्रेत्याकडून थेट रोप मागविणे हा व्यवहार धोक्याचा आहे.

पहिला धोका किडीचा. रोपाच्या पानामागे किंवा मुळाच्या मातीत दडलेली कीड डोळ्यांस दिसत नाही. नारळावरील रुगोज चक्राकार पांढरी माशी ही मूळची मध्य अमेरिकेकडील कीड भारतात प्रथम २०१६ साली तामिळनाडूतील पोल्लाची येथे आढळली. पुढे ती महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. ती पानांतील रस शोषते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. एकाच्या हौसेने आलेली कीड साऱ्या गावाच्या माडांस भोवू शकते.

यासाठीच वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ लागू आहे. त्यानुसार लागवडीचे रोप मागविण्यापूर्वी आयात परवाना काढावा लागतो. रोपाबरोबर निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र हवे. मातीसह रोप आणता येत नाही. माल बंदरावर वा विमानतळावर तपासला जातो, आणि आवश्यक तेथे रोपे काही काळ वेगळी वाढवून निरोगी ठरल्यावरच सोडली जातात. टपालाने आलेले पुडकेही यातून सुटत नाही. ऑर्किडसारख्या दुर्मिळ वनस्पतींना याशिवाय वन्य जातींच्या व्यापाराचे आंतरराष्ट्रीय नियम लागू होतात.

दुसरा धोका फसवणुकीचा. रांबुतानाचे बियांपासूनचे झाड नर निघू शकते, व ते फुलोरा आल्यावरच कळते. तोवर काही वर्षांची मशागत वाया गेलेली असते. म्हणून खात्रीच्या मादी किंवा उभयलिंगी झाडापासून केलेले कलमच घ्यावे. मँगोस्टीनला फळ येण्यास अनेक वर्षे लागतात. कोवळ्या रोपास सावली व उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. विहिरीला फाल्गुन-चैत्रात पाणी टिकत नसेल, तर ही लागवड करू नये.

तेव्हा प्रथम दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे अथवा परवानाधारक रोपवाटिकेकडे चौकशी करावी. खरेदीची पावती जपून ठेवावी. नवे कलम जुन्या बागेपासून दूर ठेवून, काही आठवडे त्याची पाने उलटून पाहावीत.

न मागविलेले बी टपालाने आल्यास ते पेरू नये, उकिरड्यावर वा ओढ्यात टाकू नये. २०२० साली अशी पाकिटे अनेक देशांत पोहोचली, तेव्हा केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावध केले होते. पुडके बंद पिशवीत ठेवून तालुका कृषी कार्यालयास कळवावे. ग्रामसेवकांनी व कृषी कार्यकर्त्यांनी ही माहिती ग्रामसभेत सांगावी. नवे झाड जरूर लावावे. पण ते कोठून आले, हे ठाऊक असल्यावाचून कुंपणाच्या आत घेऊ नये.