तुपाचे थेंब आणि बाटली ५३-एन

प्लेगची लस सिद्ध करणाऱ्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांस मुंबईंत एका घरगुती पदार्थाचा मोठा उपयोग झाला. तो पदार्थ म्हणजे तूप. मांसरसावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडून चंबू न हालवितां ठेवला, म्हणजे प्लेगचे जंतु त्या थेंबांच्या बुडाशीं धरून खालीं लोंबत वाढतात. असें झुंबर दिसलें तर संवर्धन शुद्ध. रस नुसताच गढूळ झाला तर परके जंतु शिरल्याचा संशय. १० जानेवारी १८९७ रोजीं ही लस त्यांनीं प्रथम स्वतःसच टोचून घेतली.

परंतु भेसळ दिसते ती वाढल्यावर. ती मुळांत शिरूं न देणें हें निराळेंच काम. जुन्या रीतींत रस ६५ अंशांवर तासभर तापवून जंतु मारीत व त्यांत थोडें कार्बोलिक अॅसिड घालीत. पुढें लशीची मागणी वाढली, तेव्हां अॅगरवर जंतु वाढविण्याची जलद रीत आली आणि तींतून कार्बोलिक वगळलें गेलें.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांना लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं ५३-एन या एकाच बाटलींतून टोचलेले १९ जण कांहीं दिवसांनीं धनुर्वातानें आजारी पडले, आणि सर्वच्या सर्व दगावले. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या चौकशीमंडळानें बाटली उघडण्यापूर्वींच दूषित होती असा निर्णय देऊन ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांस पदावरून दूर व्हावें लागलें.

पुराव्यांत मात्र एक चिमटा होता. बाटली उघडतांना तो जमिनीवर पडला, आणि ज्योतींत न तापवितां कार्बोलिकच्या पाण्यांत नुसता बुडवून त्यानेंच बूच काढण्यांत आलें. धनुर्वाताचे बीजाणु मातींत व शेणांत असतात; अशा क्षणभराच्या स्नानानें ते मरत नाहींत. शिवाय हे जंतु बंद बाटलींत कित्येक आठवडे वाढले असते, तर रसास दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडली तेव्हां ती आली नव्हती. २९ जुलै १९०७ च्या लंडन 'टाइम्स'मध्यें रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनीं आरोप सिद्ध झालेला नाहीं असें लिहिलें, व हाफकिन हिंदुस्थानांत परतले. परळच्या संस्थेस १९२५ मध्यें त्यांचें नांव मिळालें.

आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत प्राण्यांच्या पेशींचे वंश जतन करून संशोधकांस पुरविले जातात. अशा पेशींच्या कामांत झुंबरासारखी सोयीची खूण नाहीं. मायकोप्लाझ्मा हा जंतु रस गढूळ करीत नाहीं, पेशीभित्ति नसल्यामुळें पेनिसिलिनला जुमानत नाहीं, आणि नेहमींच्या बारीक गाळणींतूनहि निसटतो. म्हणून डीएनएला चिकटून चमकणारा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, किंवा पीसीआरनें त्याचा माग काढतात. तोंवर नव्या पेशी निराळ्या कपाटांत ठेवणें शहाणपणाचें, आणि एका वेळीं एकच वंश हाताळणेंहि. कारण एक पेशी दुसऱ्या चंबूंत पडली तरी पुरते. १९६६ सालीं स्टॅन्ले गार्टलर यांनीं निरनिराळ्या नांवांचे १८ वंश हेला या एकाच वंशाचे असल्याचें दाखविलें. चंबूवरील चिठ्ठीवरून ही अदलाबदल कळत नाहीं. त्यासाठीं डीएनएचा ठसा मूळ ठशाशीं ताडून पाहावा लागतो.