नवसाचे मूल आणि आईचे मन

नवसासायासाने झालेल्या मुलाचे आपल्याकडे मोठे कौतुक होते. ते पोटात असताना आईच्या मनाची अवस्था कशी असते, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. वैद्यकीय उपचारांनी गर्भ राहिला असेल, तर ती अगत्याने व्हावयास हवी.

या उपचारांचा इतिहास फार जुना नाही. शरीराबाहेर फलित झालेल्या बीजापासून जगातील पहिले मूल जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात जन्मले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांना यश आले; आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी हर्षा चावडा हिचा जन्म झाला. तेव्हाचे नवल आज अनेक शहरांत नित्याचे झाले आहे. शास्त्राने गर्भ दिला. निश्चिंती मात्र दिली नाही.

याचे कारण उपचारांच्या स्वरूपातच आहे. इंजेक्शने, रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि गर्भरोपणानंतरची सुमारे दोन आठवड्यांची प्रतीक्षा, यांत स्त्री आपल्या शरीरावर विश्वास ठेवावयाचे विसरते. पुढे सहाव्या-सातव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाचे स्पंदन दिसते आणि लवकरच तिला नेहमीच्या प्रसूतिविभागाकडे सोपविले जाते. काल दर दोन दिवसांनी तपासणी होती. आता महिन्याने यावयाचे. बाळाची हालचाल तर बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास जाणवू लागते. मधला हा मौनाचा काळ फार कठीण जातो.

दिल्लीच्या लक्ष्मीबाईनगरातील सरकारी निवासात राहणारे एखादे मराठी जोडपे डोळ्यांपुढे आणावे. सफदरजंग रुग्णालय आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था जवळच. माहेर मात्र सातारा-नागपूरकडे. आई फोनवर म्हणते, “इतक्या वर्षांनी पदरात पडले आहे, आता डोळ्यांत पाणी नको.” बोलणे मायेचे, पण त्यामुळे मुलीचे तोंड बंद होते. ओकारीने जीव नकोसा झाला तरी ती तक्रार करीत नाही. डोहाळजेवणाचा विषय निघाला की टाळते. आनंद केला तर तो हिरावला जाईल, अशी धास्ती तिला वाटते. आणि अशी धास्ती वाटते म्हणून आपण कृतघ्न आहोत, असेही वाटते.

ही कृतघ्नता नव्हे. पाहण्यांतून असे दिसते की, अशा स्त्रियांत सर्वसाधारण खिन्नता इतर गर्भवतींहून विशेष अधिक नसते. गर्भ टिकेल की नाही, ही चिंता मात्र अधिक असते. सोसलेल्या अपयशाची ती सावली होय.

यावर पहिला उपाय म्हणजे बोलणे. पतीने तपासणीस बरोबर जावे; आपली भीतीही लपवू नये. वडीलधाऱ्यांनी “रडू नकोस” म्हणण्याऐवजी “काय वाटते ते सांग” म्हणावे. डॉक्टरांना पूर्वीच्या उपचारांची व गर्भपातांची माहिती द्यावी. डोहाळजेवण करावे की नाही, हे तिच्या मनावर सोडावे.

परंतु सतत दोन आठवडे मन उदास राहिले, झोप-भूक उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर विलंब न लावता तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. पूर्वीपासूनची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. २०२२ पासून शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

गर्भाची वाढ यंत्रावर मोजता येते; आईच्या मनाचा ठाव मात्र कोणी आपुलकीने विचारल्यावाचून लागत नाही.